शिगम्याच्या यादीतल्या फुल्या

माझ्या अक्षराचा मी आयुष्यभर तोरा मिरवला. मराठी शाळेत शिकवण्यात जन्म गेला आणि निवृत्त झाल्यावरही गावात काही लिहायचं निघालं की लोक माझंच दार ठोठावतात. देवळाच्या फळ्यावरची सूचना, आहेराच्या पाकिटांवरची नावं, आणि शिगम्याची यादीसुद्धा. गोव्यात डिचोलीकडच्या आमच्या गावात शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला, ढोल-ताशांचं रोमट, नाचत्या लोकांची मिरवणूक, घरोघर फिरतं, अंगणात थांबतं, घरचे नारळ पुढे करतात. कुणाचं अंगण कुणानंतर हे ठरलेलं असतं, आणि चुकलं तर वर्षभर रुसवे. म्हणून यादी लागते.

दोन वर्षांपूर्वी मी त्या यादीत स्वतःच्या हुशारीने एक सुधारणा केली. गावात भाड्याची बिऱ्हाडं वाढली होती, कोल्हापूर-बेळगावकडची, कारखान्यात नाहीतर बांधकामावर जाणारी. रोमट भायल्यांच्या, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या, दारात थांबत नाही, पण नव्या पोरांना कोण कुठला ते ठाऊक नसतं. तेव्हा मी वाड्यावाड्यातली सगळी घरं लिहून काढली आणि भायल्यांच्या खोल्यांपुढे लाल पेनाने फुली मारली. माझ्या मागच्या खोलीत गडहिंग्लजकडचं जोडपं राहतं. तो लाद्या बसवतो, ती मला घरकामात हातभार लावते. त्यांच्यापुढे फुली मारली नाही, कारण ती आपली. तिची थोरली बहीण पलीकडच्या वाड्यावर राहायची, तिच्यापुढे मारली.

शिगमा झाला आणि महिन्याभरात देवळातली पितळी समई चोरीला गेली. कुणी नेली ते आजही कळलेलं नाही. पण तिसऱ्याच दिवशी गावची पोरं घरमालकांच्या दारोदार फिरली आणि भायल्यांना आठ दिवसांत काढा म्हणून सांगू लागली. त्यांच्या हातात माझ्या यादीची झेरॉक्स होती. त्यातला एक माझा जुना विद्यार्थी. फाटकाशी थांबून हसत म्हणाला, "बाय, तुमची यादी बरी उपेगाक पडली. ना जाल्यार आमकां कशें कळटलें, कोण खंय रावता तें?"

कान धरून हाकलायला हवं होतं त्याला. शाळेत एवढ्यातेवढ्यावरून पोरांचे कान पिरगळणारी मी, त्या दिवशी म्हटलं काय, तर "उन्हाचे फिरू नका रे, पाणी प्या." सात बिऱ्हाडं गेली. भाडेकरणीच्या बहिणीचा संसार भरलेला टेम्पो घरासमोरून जाताना मी खिडकीतून पाहिला आणि पडदा ओढून घेतला.

माझी भाडेकरीण त्यानंतर भेटेल त्याला सांगायची, "बाई हुत्या म्हणून आमी ऱ्हायलो." मी ऐकून घ्यायचे. वर बरंही वाटायचं, हे लिहिताना लाज वाटते.

यंदा मेच्या अखेरीस मुलाच्या कॅनडातल्या कचेरीतली एक बाई दोन दिवस आमच्याकडे उतरली. पन्नाशीची, मूळची श्रीलंकेतली तमिळ. माझ्यातली मास्तरीण गप्प कशी बसणार? जेवताना मी सुरू झाले. एवढंसं बेट, सिंहली काय नि तमिळ काय, सगळे भात-मासळी खाणारे, कशाला एकमेकांच्या जिवावर उठलात? आमच्याकडे बघा, कोकणी-मराठीचा वाद किती वर्षं चालला, पण आम्ही शेजार मोडला नाही.

ती शांतपणे जेवत होती. म्हणाली, "भाषेवरून भांडण झालंच. पण मुळात बेट कुणाचं, हा प्रश्न होता. त्यांच्या लेखी आम्ही पाहुणे होतो, पिढ्यान्पिढ्या राहिलेले पाहुणे. आणि पुढे आमच्यातही, उत्तरेकडच्या मुसलमानांना पाहुणे ठरवून हाकलणारे निघाले."

मग तिने आपल्या लहानपणची कोलंबोतली गल्ली सांगितली. शेजारी एक सिंहली गृहस्थ होते. बुद्धपौर्णिमेला कुठल्या घरांवर कंदील लागायचे, त्याची यादी ते करायचे. यादीत तमिळ हिंदू घरांपुढे खूण असायची, कंदिलाचं त्यांना विचारायचं नाही म्हणून. हिच्या घरापुढे खूण नव्हती, कारण हिची आई हौसेने कंदील लावायची. त्र्याऐंशी साली तमिळांच्या घरांची जाळपोळ सुरू झाली तेव्हा जमावाच्या हातात ती यादी होती. त्या गृहस्थांनी हिच्या आईला कपाळावरचं कुंकू पुसायला लावलं आणि सगळ्यांना तीन दिवस आपल्या कोठीच्या खोलीत लपवलं. दोन घरं सोडून खूण असलेलं घर जळलं.

"आई त्यांना देवमाणूस म्हणायची," ती म्हणाली. "मीही म्हणायचे. पण त्या जळलेल्या घरातली मुलगी माझ्या वर्गात होती. तिच्यासमोर मला ते कधी म्हणता आलं नाही."

मागच्या दाराशी माझी भाडेकरीण पेज गाळत होती. पाहुणीशी इंग्रजीत काय चाललंय ते तिला कळत नव्हतं. पाहुणी आपल्याकडे बघते आहेसं पाहून ती तिच्याकडे वळून हसली आणि हिंदीत म्हणाली, "बाई बहुत अच्छी हैं." मी पाहुणीला आणखी भात वाढला.

पाहुणी दुसऱ्या दिवशी गेली. मी तीन-चार दिवस शब्द जुळवत राहिले. एका सकाळी भाडेकरीण केर काढत असताना तिला म्हटलं, "तुझ्या बहिणीला ज्या यादीवरून काढलं ना, ती मी केली होती. फुल्या मी मारल्या होत्या."

ती केर काढायची थांबली नाही. "ठावं हाय वो बाई. पोरांनी ती माझ्या भनीच्या नाकाफुडं नाचीवली, तवा मी तितंच हुतो. माझ्या लेकीच्या वह्यांवर नाव तुमीच घालतासा, तुमचं अक्षर मला वळकाय येनार न्हाई व्हय?"

"मग इतके दिवस मला चांगली कशी म्हणत होतीस?"

"न्हाई म्हणून जायचं कुटं, बाई?"

केर भरून तिने सुपलीत घेतला, बाहेर टाकून आली, हात धुतले. मग पदराला हात पुसत तिने खोलीतून नव्या वह्यांची चळत आणून माझ्यापुढे ठेवली. शाळा सोमवारी उघडणार होती आणि पोरीचं नाव घालायचं होतं.