पंप घेते मी, सगळ्यांसमोर घेते

गेल्या रविवारी आमच्या इंद्रलोकमधल्या सोसायटीची मीटिंग होती, खाली पार्किंगमध्ये. तिथे मी पर्समधून दम्याचा पंप काढला आणि ओढला. बिडी पेटवल्यासारखे लोक बघायला लागले...

शाळा माझी चौथीपर्यंत. शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नका, मजकूर वाचा.

मी घरी मसाला करून विकते. उन्हाळ्यात लोक वर्षाचा मसाला भरून ठेवतात, तेव्हा मिरच्या-धणे किचनमध्ये भाजायचे आणि डंकावर कांडून आणायचे, हे माझं काम. मागच्या वर्षी समोरच्या जिग्नाबेनने ग्रुपवर मेसेज टाकला, मसाल्याच्या धुराने त्रास होतो म्हणून. मला भांडायला वेळ नव्हता. खिडक्या लावल्या, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला आणि आत भाजत बसले. घ्या, आता नाही येणार तुम्हाला वास...

मग खोकला लागला. कोरडा. कफ नाही, ताप नाही, पण छातीला कोणी ओढणी करकचून बांधल्यासारखं. जिना चढले की खोकला, हसले की खोकला, पहाटे तर हमखास.

सगळे डॉक्टर झाले. आमच्या ह्यांनी आलं-मध चाटवलं, नणंद म्हणाली गॅस आहे. मेडिकलवाल्याने गोड औषधाची बाटली दिली. त्याने झोप आली, खोकला तिथेच.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी ईसीजी काढला. म्हणाल्या, छाती आवळते म्हटल्यावर घरी बसून गॅस ठरवायचा नाही. तो ठीक निघाला. मग एका नळीत जोरात फुंकायला लावलं, पंपाचं औषध दिलं आणि थोड्या वेळाने परत फुंकवलं. दुसऱ्यांदा काटा चांगला पुढे गेला. म्हणजे दमाच. छातीतल्या नळ्या धुराने चिडतात आणि आवळतात. दरवेळी श्वासातून शिट्टी वाजेलच असं नाही म्हणे, कोणाकोणाला नुसता खोकला.

काम काय करता विचारलं, तेव्हा मी ओल्या टॉवेलचं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काकी, धूर बाहेर जाऊ नये म्हणून दार लावलंत... आणि स्वतः आत बसलात?"

मी पंपाची चिठ्ठी घेतली आणि थेट मेडिकल गाठलं.

घरी पंप बघून नणंदेचं सुरू झालं. पंपाची सवय लागते, चारचौघांत तरी काढू नकोस, आणि तो मसाला आता बंदच कर. मी म्हटलं, "तुला चष्म्याची सवय लागली, तो कधी लपवलास?" मसाला बंद कर म्हणे. त्या मसाल्यावर लोक मला ओळखतात. तो बंद करून मी काय भिंती बघत बसू?

म्हणून मीटिंगला गेले. मला गच्ची हवी होती. सकाळी उघड्यावर भाजेन, शेगडी माझी, झाडलोट माझी. सेक्रेटरी म्हणाले, नियमात बसत नाही. तेवढ्यात कोणीतरी लावलेल्या मच्छर अगरबत्तीचा धूर आला आणि मला ढास लागली. बोलता येईना. पंप हलवला, ओढला, श्वास रोखून धरला.

श्वास मोकळा झाल्यावर म्हटलं, "दार लावून मरायचं नाहीये मला. नियमात बसवा."

बाजूच्या खुर्चीवर जिग्नाबेन होती. तिने माझा हात धरला आणि अगदी हळू बोलली, "भाभी, मेरे पास भी है. बाथरूम में जाके लेती हूँ. सासूमा को मालूम नहीं."

वर्षभर मी हिला नाक मुरडणारी समजत होते... म्हटलं, "तो मेसेज में यही लिखना था ना."

"आप भी किधर बोले? दरवाजे के नीचे टॉवेल देखा, मेरे को लगा गुस्से में लगाया."

गुस्सा तर होताच. मग ती उठली आणि सेक्रेटरींना म्हणाली, "टेरेस दे दो भाभी को. कंप्लेंट मेरी थी, मैं ही बोल रही हूँ."

गच्ची मिळाली. आता तोंडाला फडकं बांधून वाऱ्याकडे पाठ करून भाजते, आणि आधी जिग्नाबेनला फोन करते, म्हणजे ती खिडकी लावून घेते. सकाळी पंप, मग चूळ भरायची, बाईंनी सांगितलंय तसं. छाती पुष्कळ मोकळी आहे. तुमचा खोकला जात नसेल, छाती आवळत असेल, तर माझ्यासारखा वेळ काढू नका. तपासून घ्या.

परवा जिग्नाबेनकडे मसाल्याचा डबा द्यायला गेले. तिच्या सासूबाई सोफ्यावर, आणि पंप टीव्हीशेजारी, उघड्यावर. तिने चहा टाकला.

श्वास माझा आहे... तो काय चोरून घेऊ?