खिचडी निर्दोष होती

शहागडजवळ गोदावरीला पूर आला आणि आमच्या लष्करी तुकडीला, कॉलमला, मदतीचा हुकूम मिळाला. मी तेव्हा हवालदार, मूळचा परतूरचा. वर्दी घालून माहेरी निघालो होतो म्हणा ना!

दिवसभर बोटीतून माणसं आणून शाळेच्या हॉलमध्ये ठेवायची, खिचडी वाढायची. पाऊस आडवा येत होता, म्हणून खिडक्या बंद. जनरेटर भिजू नये म्हणून सिपाही दिलीपनं तो शेजारच्या खोलीत घेतला. आवाजानं लेकरं उठत होती, तेव्हा मधलं दार लोटलं आणि स्वतः मशीनपाशी बसला.

एका आजोबांना मात्र बायकांनी व्हरांड्यात हाकललं होतं. बिडीचा धूर नको म्हणून!

दिवेलागणीला हॉलमध्ये डोकी दुखू लागली. मग ओकाऱ्या. एक बाई उठली ती कोसळलीच.

"फौजी, तुमची खिचडी बाधली वो!"

आमचा कुक पांढराफटक पडला. मी वायरलेस सेट उचलला.

"बेस, माणसं आजारी. डॉक्टर पाठवा. ओव्हर."

"बोटीनं येतील. वेळ लागेल. कारण काय? ओव्हर."

विषबाधा म्हणणार, तेवढ्यात दारातून आजोबा डोकावले.

"खिचडी उरली का रं?"

"तुम्ही किती खाल्ली?"

"दोनदा. बिलकुल झकास!"

"डोकं दुखतंय?"

"न्हाई. तुझं दुखून राह्यलं का?"

दुखत होतं. आणि मी अजून घासही खाल्ला नव्हता.

"बेस, खिचडी नाही. हवा. जनरेटरची. आउट."

जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नसतो. बंद घरात तो आधी सुस्त करतो, मग झोपवतो.

"खिडक्या उघडा! सगळे बाहेर! भिजलात तरी चालेल!" जवान लेकरं उचलून पळाले. मी मधलं दार ढकललं. "दिलीप!"

तो भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर पेट्रोलचा डबा. मशीन बंद केलं, त्याला ओढत मैदानात आणलं. डॉक्टर येईपर्यंत त्याची छाती दाबत राहिलो.

हॉलमधले सगळे वाचले. आमच्यातला गेला तो एकटा सिपाही दिलीप, कोल्हापूरकडचा. गावकऱ्यांना त्याचं नावही ठाऊक नव्हतं. ते त्याला लाइटवाला म्हणत.

आजोबा जवळ आले.

"कुठं लागलं वो लेकराला?"

"कुठंच न्हाई, आजोबा."

त्या वायूनं दिलीपचे गाल गुलाबी झाले होते. आजोबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि पाऊस लागू नये म्हणून त्याच्या तोंडावर छपरासारखा धरून उभे राहिले.