मावशीचा माफीनामा

शाळेत सगळे तिला मावशीच म्हणत. बावीस वर्षं घंटा द्यायची, फळे पुसायचे, पाणी भरायचं, आणि सुट्टी संपायच्या आधी सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकांतला नववा धडा पिना मारून बंद करायचा. शरीर मोठं कसं होतं, मूल कसं होतं, ते त्या धड्यात होतं. "मुलं भलत्या वयात भलतं वाचतात," असं मुख्याध्यापकांचं म्हणणं. त्यामुळे पुस्तक हातात पडताच कुठली पानं वाचायची हे अख्ख्या वर्गाला कळे. आठ दिवसांत मुलगे पिना उपसून मोकळे होत. मुलींची पुस्तकं वर्षभर शहाण्यासारखी मिटलेली राहत. याला शाळेत संस्कार म्हणत.

मग वरून परिपत्रक आलं: समानता आणि शरीरशिक्षण, दोन तास घ्या. मुख्याध्यापकांनी दोन्ही एका तासात उरकलं. मुलग्यांना चेंडू देऊन मैदानात पिटाळलं, मुलींना खिडक्या लावून चित्रकलेच्या खोलीत कोंडलं. विज्ञानाच्या बाईंनी छताकडे बघत सहा मिनिटं काहीबाही सांगितलं आणि "बाकीचं आईला विचारा" म्हणून हात झटकले. समानतेचा फलक मुलींनी रंगवला. खिळा ठोकायला मात्र मुलगा बोलावला, कारण हातोडी मुलींच्या हातात शोभत नाही!

त्याच आठवड्यात, त्या तासाला पहिल्या बाकावर बसलेली एक मुलगी संडासाला आतून कडी लावून बसली.

"कोण आहे गं आत?" मावशीनं दार वाजवलं.

"मला काहीतरी झालंय. आईला सांगू नका."

"रक्त दिसलं?"

आतून हुंदका आला. "मी मरणार का, मावशी?"

"त्यानं मरत असते तर मी तीस वर्षांपूर्वीच गेले असते, बये. उघड दार."

मावशीनं तिला पॅड दिलं, कसं लावायचं ते दाखवलं. पाळी का येते, किती दिवस असते, सगळं सांगितलं. पोरीनं विचारलं म्हणून मूल कसं होतं तेही सांगितलं.

"मुलग्यांना काहीच होत नाही?"

"होतं की. त्यांना कुणी सांगत नाही, म्हणून तर दात काढत हिंडतात."

रात्री जेवताना मुलीनं सगळ्यांसमोर आईकडे पॅड मागितलं. सकाळी वडील तणतणत शाळेत हजर. पोरगी घाबरली होती का, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. हे तिला शिकवलं कुणी, एवढाच त्यांचा घोर.

मुख्याध्यापकांनी मावशीला बोलावलं. मुलीचे वडील, विज्ञानाच्या बाई आणि क्लार्क तिथेच होते. "माफीनाम्यावर सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मावशीच्या घरात मिळवती ती एकटीच. तरी ती म्हणाली, "कशाबद्दल माफी?"

"मुलीशी नको ते बोललात."

"काय बोलले ते लिहा त्यात. वाचल्याशिवाय सही करू नये, असं तुम्हीच पोरांना सांगता."

क्लार्कनं पेन उचललं आणि मुख्याध्यापकांकडे बघितलं. मुख्याध्यापकांनी बाईंकडे. बाईंनी पंख्याकडे. खोलीत पदव्या ढीगभर, पण 'पाळी' लिहायला एकाचाही हात धजेना.

शेवटी क्लार्कनं लिहिलं, 'ते'.

"ते म्हणजे काय हो?" मावशीनं विचारलं.

"अहो ते... बायकांचं," मुलीचे वडील घाम पुसत म्हणाले.

"आरोग्याविषयी माहिती, असं लिहू का?" क्लार्कनं तोडगा काढला.

"लिहा ना. आरोग्याची माहिती दिली म्हणून शाळेनं माझ्याकडून माफी लिहून घेतली. परिपत्रकवाल्या साहेबांना दाखवता येईल."

मुख्याध्यापकांनी कागद ओढून घेतला आणि चुरगाळला. "जा आता. आणि यापुढे अशी मुलगी दिसली तर बाईंकडे पाठवायची."

"अगंबाई, नको!" बाई दचकून म्हणाल्या. "मावशींकडेच जाऊ दे."

"मग मुलग्यांनाही पाठवा," मावशी म्हणाली.

सगळ्यांनाच एकदम फार कामं आठवली.