हुंग्याची सर्दी

शीतपेयाच्या त्या कारखान्यात रिकाम्या बाटल्या दुकानांतून परत यायच्या, धुतल्या जायच्या आणि पुन्हा भरल्या जायच्या. पण मधल्या काळात लोक बाटलीत काय भरून ठेवतील याचा नेम नाही. कुणी रॉकेल, कुणी फिनेल. असला वास धुऊन जात नाही. म्हणून धुण्याआधी प्रत्येक बाटली हुंगायला एक माणूस स्टुलावर बसवलेला. त्याला सगळे हुंग्याच म्हणायचे. मालकसुद्धा.

हा बाबा नाकाच्या जिवावर जगायचा आणि वर नाकानं कांदेही सोलायचा. बायकोनं चुलीवर दूध ठेवलं की अंगणातून ओरडायचा, "लागलं बघ खाली!" तंबाखू नाही, अत्तर नाही, अंगाला साबणही बिनवासाचा.

आणि ऐन उन्हाळ्यात, मागणी चौपट झालेली असताना, त्याला सर्दी झाली. नाक असं चोंदलं की मेलेला उंदीर पुढ्यात ठेवला तरी कळू नये.

सुट्टी मागावी तर मालक दुसरा माणूस बसवणार, आणि एकदा बसलेला माणूस उठतो होय? हुंग्यानं काम तसंच रेटलं. बाटली नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे, जाणत्यासारखी मान डोलवायची. दर दहावी बाटली उगाच बाजूला काढायची, म्हणजे कुणाला शंका नको.

पुढं धुण्याच्या टाकीवर त्याची सख्खी वहिनी होती. पहिल्या दिवशी तिला फिनेलची एक बाटली सापडली. तिनं गुपचूप बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी चार निघाल्या. तिसऱ्या दिवशी अकरा. दुपारच्या सुट्टीत ती झाकलेला डबा घेऊन त्याच्यासमोर बसली.

"भावोजी, ओळखा बघू, काय आणलंय?"

हुंग्यानं डबा नाकाशी नेला. डोळे मिटले. "वांगं. जरा तिखट झालंय."

वहिनीनं झाकण काढलं. आत रॉकेलात बुडवलेला बोळा.

"वहिनी, पाया पडतो, हळू बोला!"

"तीन दिवस गप्पच आहे की मी. पण एखादी बाटली माझ्या हातून सुटली आणि कुणाच्या लेकराच्या पोटात गेली म्हणजे?"

हुंग्या उठला आणि तडक मालकाच्या खोलीत गेला.

"मालक, माझं नाक बंद आहे. तीन दिवस झाले."

मालकानं कपाळाला हात लावला. "अरे, मग बाटल्या हुंगल्या कुणी?"

"वहिनीनं."

"तिला जमतं?"

दाढ उपटतानाही हुंग्याचं तोंड एवढं वाकडं झालं नव्हतं. "माझ्यासारखंच जमतं."

त्याच दिवशी वहिनी स्टुलावर बसली आणि हुंग्या टाकीवर. आठवड्यानं तो भिजल्या हातांनी धावत आला. "वहिनी, नाक उघडलं! तुमच्या डोक्याला खोबरेल लावलंय, इथनं कळतंय!"

"बरं झालं," वहिनी पुढची बाटली उचलत म्हणाली. "माझ्याकडनं एखादी सुटली तर टाकीवर तुम्ही धराल. जा, गाडी भरायची खोळंबलीय. आणि भावोजी, बुडं नीट घासा. काल दोन तशीच पुढं गेली होती."