चिनी पापलेटाचा रस्सा

माझा बा मोठ्या बोटीवर स्वयंपाकी होता. देशोदेशी फिरायचा आणि वर्षा-दीड वर्षाने नागावच्या पुढच्या आमच्या कोळीवाड्यात सुट्टीवर यायचा. बोटीच्या भटारखान्यात त्याच्या जोडीला एक चिनी होता. त्याच्याकडून बा त्यांच्या घरचं साधं जेवण शिकला होता, आणि सुट्टीत त्याचे प्रयोग आमच्यावर चालायचे. टोपात पाणी, पाण्यात विटेचा तुकडा, विटेवर ताटली, ताटलीत अख्खं पापलेट. वर आल्याच्या काड्या, पातीचा कांदा, त्यांचा तो काळा खारट सॉस आणि शेवटी कडकडीत तेल. झालं. मिरची नाही, खोबरं नाही, चिंच नाही. आई म्हणायची, "आजाऱ्याला दे, बरा व्हईल." पण ताटली पुसून खायची तीच.

एका वर्षी बा आला तो मातीची एक बाटली घेऊन. तोंडाला लाल कागद बांधलेला. त्या चिन्याने दिली होती. त्यांच्या मुलखात म्हणे मुलगी जन्मली की तांदळाची दारू जमिनीत पुरून ठेवतात आणि तिच्या लग्नात काढतात. "तू कर्मदरिद्री, लेकीसाठी काय पुरलं न्हाईस, म्हणून माझी घे," असं म्हणून त्याने ती दोन्ही हातांनी बाच्या हातात ठेवली. हे सांगताना बा डोळे पुसायचा. आईला मात्र घाम फुटला, कारण दिवस दारूबंदीचे. तिने बाटली सुक्या बोंबलांच्या डब्यात दडवली. तिथे मांजर सोडून कोणी नाक खुपसलं नसतं.

खरी भीती पोलिसांची नव्हतीच. मला खाडीपलीकडचं स्थळ आलं होतं. मुलगा मी बाजारात दोनदा बघितला होता, आणि दोन्ही वेळा माझ्या टोपलीतला मासा कावळ्याने नेला, इतकं माझं टोपलीकडे लक्ष. मला तोच हवा होता. सरळ सांगते, आता या वयात कसली लाज. घोडं अडत होतं त्याच्या बापापाशी. वादळातून होडी वाचली तेव्हा म्हाताऱ्याने देवीला शब्द दिला होता की दारूचा थेंब पोटात जाऊ देणार नाही. आमच्यात सोयरीक जमली की बाटली फुटायचीच, पण हा बाबा पाणी पिऊन उठायचा. थोरल्या मुलाची सोयरीक तर त्याने मुलीच्या बापाच्या तोंडाला वास येतो म्हणून मोडली होती.

म्हाताऱ्याला पोटाची तक्रार आहे, तिखट चालत नाही, असं कळल्यावर बा हरखला. "चिनी पापलेट कर," मला म्हणाला. "पळीभर त्या बाटलीतलं घाल. वाफेबरोबर उडून जातं, कोनाला कळतंय." पाहुणे मुलीच्या हाताचं खायला येणार होते, म्हणून चुलीपुढे मीच.

पाहुणे पानावर बसले, मी झाकण काढलं. रस्साच नव्हता. भाताला लावायचं काय? कोळ्याची पोर आणि कालवण कोरडं, गावभर बोंब झाली असती. पाणी घालावं तर चव जाणार. मग मी शहाणीने ताटलीतलं सगळं दुसऱ्या टोपात ओतलं आणि वर बाटली उपडी केली. जेमतेम एक कढ आणला. वास असा सुटला की मी स्वतःवरच खूश.

म्हाताऱ्याने पहिला घास घेतला आणि थांबला. मग भात मागितला. मग रस्सा. तिसऱ्या वेळेला वाटीच तोंडाला लावली. त्याचे कान लाल झाले. हा माणूस हसत नाही अशी त्याची ख्याती, आणि त्याने माझ्या आईला 'विहीणबाई' म्हणून होडीचं गाणं म्हणून दाखवलं, मधलं कडवं आठवेना म्हणून पहिलंच तीनदा. नवरामुलगा हातातला घास हातात धरून बापाकडे बघत राहिला.

मग म्हाताऱ्याने वाटी हुंगली. पुन्हा हुंगली. गाणं बंद.

"यात काय हाय?"

"शिरका," बा पटकन म्हणाला. "चिनी शिरका. लोनच्यात घालतात तो."

म्हातारा माझ्याकडे वळला. "पोरी, देवीची आण हाय तुला. काय हाय यात?"

शिरका एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर समोर बसलेला तो माझा होता. पण माझे दोन्ही भाऊ दर्यावर गेलेले, बा पुढच्या महिन्यात परत बोटीवर चढणार, आणि त्यांना राखणाऱ्या देवीची आण खोटी खायची? जीभ रेटेना.

"दारू," मी म्हणाले. "अख्खी बाटली."

म्हातारा उठला तो तडक किनाऱ्यावरच्या देवळात. मागून आम्ही सगळे, कोणाचे हात धुतलेले, कोणाचे खरकटे. त्याने देवीला दोन फुलं चिकटवून कौल मागितला. उजवं पडलं तर व्रत शाबूत, डावं पडलं तर मोडलं. फुलं काही पडेनात. बाला आल्याचा ढेकर आला, सगळ्या देवळाला कळला. मी मनात देवीला समजावत होते, आई, त्यांनी प्यायली न्हाय गं, खाल्ली. डावं फूल टपकन खाली आलं.

म्हातारा मटकन बसला. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलंही नाही. मग म्हातारा बाला म्हणाला, "व्रत मोडलं. उद्यापासून नव्यानं धरतो. आन सोयरीक मोडायला आता मला तोंड कुठं हाय, मीच झिंगलोय." माझ्याकडे बोट केलं. "पर तुज्या घरात एकच मानूस खरं बोलतंय. ते मी नेतो."

मुलगा हसला. मला त्याच्याकडे बघायचं होतं, पण नजर बाकडे गेली. तो खोटं बोलला होता ते माझ्यासाठी, आणि मीच त्याला चारचौघांत तोंडघशी पाडलं होतं. वाटलं, आता हा माझ्याशी बोलणार नाही. बाने खांद्यावरच्या फडक्याने माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायचा तसं, आणि व्याह्याला म्हणाला, "न्या. पर काय बी इचारताना जपून इचारा. सांगंल ती."