ब्लॉकमधली करंगळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — मलाच माहीत नाही. ऐकताय तर ऐका.

रेखा गडहिंग्लजची, मी हातकणंगल्याची. कोल्हापूरच्या एकाच मैदानावर व्हॉलीबॉल शिकलो आणि भारताच्या संघातही दोघी एकदमच गेलो. म्हशीच्या धारा काढून सरावाला पळणाऱ्या पोरी म्हणून लोक आधी हसायचे. मग तेच आमच्या फोटोचे फलक लावायला पुढं.

परदेशात आशियातल्या संघांची स्पर्धा होती. पाचवा सेट, तेरा-चौदा, आम्ही मागं. एक पॉइंट गेला की घरी. समोरच्या पोरीनं चेंडू हाणला, रेखा आणि मी खांद्याला खांदा लावून, जाळीवर हात उंचावून ब्लॉकला उडालो, आणि चेंडू आमच्या हातांवरून लांब बाहेर गेला.

आता एक सांगायला हवं. चेंडू बोटाला नुसता चाटून गेला, तरी जिचं बोट तिनं 'टच' म्हणून ओरडायचं. मग मागच्या पोरी धावून तो उचलतात. नाही ओरडलं, तर बाहेर चाललाय म्हणून सोडून देतात. आणि आपल्या हाताला लागून बाहेर पडला, तर पॉइंट समोरच्यांचा. आमच्याकडं हे दहा वर्षांच्या पोरीलाही माहीत असतं.

माझी करंगळी झिणझिणली होती. मला कळलं होतं की! पण तोंड उघडलं नाही, आणि मागच्या पोरींनी चेंडू सोडून दिला. पंचाला दिसलं नाही तर पॉइंट आपला — एवढ्याशा क्षणात हे डोक्यात आलं? आलं. पंचांनी पॉइंट आम्हाला दिलाही. मग समोरच्यांनी व्हिडिओ मागितला. पडद्यावर चार हातांची गर्दी आणि चेंडू जरासा वळलेला. बोट कुणाचं ते दिसत नव्हतं. पण टच होता. सामना गेला.

आत गेल्यावर प्रशिक्षक सरांनी विचारलं, बोट कुणाचं? लागलं तर ओरडायला काय झालं होतं?

"माझं न्हाय," मी म्हणाले. करंगळी मुठीत आवळून.

सर रेखाकडं वळले. ती आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला कळलं न्हाय, सर. माझंच लागलं असंल."

पुढच्या शिबिराच्या यादीत तिचं नाव नव्हतं, माझं होतं. मी आणखी चार वर्षं खेळले, खेळाडू म्हणून नोकरीही लागली. ती पुन्हा संघात आली नाही. उलट तिनंच मला — मला! — फोन करून माफी मागितली, तिच्यापायी माझाही सामना गेला म्हणून. आणि मी काय म्हणाले? जाऊ दे गं, होतं असं. लाज कशी वाटली नाही मला?

आता मी शाहूपुरीत पोरींना शिकवते. गेल्या वर्षी रेखानं आपली लेक आणून माझ्या हवाली केली. त्या पॉइंटची सगळी गोष्ट सांगूनच पाठवलंय तिला. त्यामुळं पोर प्रत्येक ब्लॉकला 'टच' ओरडते, लागो न लागो. मागच्या पोरी उगाच धावून दमतात. परवा मी वैतागून तिला बाजूला घेतलं.

"अगं, बोटाला लागलं की आपल्याला कळतंयच की. कळलं न्हाय असं कधी हुतच न्हाय."

तिनं लगेच विचारलं,

"मग आई खोटं बोललीती व्हय?"

मी शिट्टी वाजवली आणि पुढची सर्व्हिस टाकायला सांगितली.