न्हाणीतला हिरवा रंग

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, पोटच्या लेकीजवळ नाही. तुमच्याजवळ तरी कसं बोलू – तेही कळत नाही. पण आता आत ठेववत नाही.

गोष्ट न्हाणी रंगवण्याची आहे. एवढीशी. ऐकून हसाल कदाचित.

माझं माहेर उंद्रीचं, सासर डोणगावचं. घरात सासूबाई, नवरा आणि धाकटी नणंद वत्सला. तिला पाहायला बुलढाण्याहून माणसं यायची होती. मुलगा मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात, कचेरीत कारकून. अशी नोकरदार माणसं आमच्या घरी पहिल्यांदाच येणार. आल्याबरोबर हातपाय धुवायला न्हाणीत जाणार, आणि आमची न्हाणी – पाणी तापवायच्या चुलीनं काळी पडलेली, कोपऱ्यांत शेवाळ, भिंतीचे पोपडे सुटलेले. मीच म्हटलं, मी रंगवते. दारांना लावून उरलेला हिरवा तेलाचा रंग घरात होता.

ओल्या भिंतीवर रंग धरेना. लावावा, आणि सकाळी बोट लावलं की सालीसारखा निघून यावा. मी खरवडायची, पुन्हा लावायची. आत शेगडी पेटवून ठेवली, घरच्यांना आंघोळीला विहिरीवर पिटाळलं. घासलेटानं हात सोलून निघाले. पाहुण्यांचा दिवस जवळ येत चालला तशी मी वेड्यासारखी झाले. शेवटी भिंतींनी एकदाचा रंग धरला, तर फरशी जास्तच काळी दिसायला लागली. मग फरशीलाही लावला.

नवरा म्हणाला, "फरशीले कोणी रंग लावते काय वं?"

मी ऐकलं नाही. सासूबाईंनी दारात उभं राहून पाहिलं, शेजारणीला हाक मारली, म्हणाल्या, "सून हुशार हाय माही." लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझं केलेलं ते पहिलं कौतुक. त्याची किंमत मला काय वाटली असेल, सांगता येत नाही.

पाहुण्यांच्या दिवशी सगळ्यांत आधी मी न्हाले. पाणी पडल्याबरोबर पाय सटकला. हंड्याचा काठ हाती आला म्हणून वाचले. फरशीचा खरबरीत दगड होता तो, मी त्याची काच करून ठेवली होती.

म्हणजे मला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं, हे ध्यानात ठेवा.

मी फरशीवर पोतं टाकलं. वत्सला न्हाऊन आली, तिला काही झालं नाही. मग मी आत डोकावले, तर त्या पोत्यानं सगळी शोभा गेलेली, गोठा वाटत होता. पाहुणे हातपाय धुऊन घेतील, मग टाकू परत – असं म्हणून मी पोतं उचललं. माझ्या हातांनी.

सासूबाई आंघोळीला निघाल्या तेव्हा मी चुलीपुढे पुरण वाटत होते. त्यांना जाताना पाहिलं. 'जपून' – एवढा एक शब्द म्हणायला काय लागत होतं? पण म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, काऊन? आणि मग ते कौतुक?

मी पुरण वाटत राहिले.

सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. दोघा-तिघांनी उचलून बाहेर आणलं. त्यांचं ओरडणं चाललं असतानाच पाहुण्यांची बैलगाडी दारात आली. माणसं ओसरीवर टेकलीसुद्धा नाहीत. असा अपशकुन पाहून कोण थांबेल?

वत्सला भिंतीला धरून उभी होती. सकाळी डोक्याला लावायला तिनं तेलाची वाटी न्हाणीत नेली होती. म्हणाली, "माह्याच हातून तेल सांडलं असन. वहिनी, सांडलं होतं काय वं?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. वाटी कोनाड्यात सरळ होती, मी पाहिली होती. फरशीवर तेलाचा थेंब नव्हता. मी पोतं उचललं तेव्हा ओणवं होऊन पाहिलं होतं.

मी म्हणाले, "हो. सांडलं होतं."

सासूबाई पुन्हा उठल्या नाहीत. कित्येक वर्षं खाटेवर. त्यांचं हगणं-मुतणं वत्सलानं काढलं. स्थळं आली नाहीत असं नाही, पण तिनं एकही पाहू दिलं नाही. "म्या पाडलं आईले, म्याच पाह्यलं पाहिजे," म्हणायची. मी शेजारी बसून भाजी निवडत असायची. फरशीचा रंग मी हळूहळू खुरप्यानं काढून टाकला. विचारलं कुणी तर सांगायची, पोपडे सुटतात. किती वेळा तोंड उघडलं असेल मी, आणि मिटलं असेल? सासूबाई गेल्या त्या दिवशीही उघडलं होतं.

वत्सला आमच्याच घरात म्हातारी झाली. शेवटच्या दुखण्यात एका दुपारी मी तिला पेज पाजत होते. तिनं चमचा बाजूला सारला आणि म्हणाली, "वहिनी, आईनं मले माफ केलं असन काय?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. भ्यावं असं मला कोणी उरलं नव्हतं.

मी म्हणाले, "केलं असन."

आणि पुढचा चमचा तिच्या ओठांशी नेला.